पेरूसारखी दांडी

पांगाऱ्याच्या रानाला लागून चिताऱ्यांचं एक गाव होतं. तिथे सुरंगी नावाची चिमुरडी राहायची. तिचे बाबा लाकडी बाहुल्या रंगवायचे. पण एका तापात त्यांची बोटं अर्धवट उघडी राहिली, ती पुन्हा मिटलीच नाहीत. बारीक कुंचला त्यांतून गळून पडे. फळीवर लाल, पिवळ्या, मोरपंखी बाहुल्या उभ्या होत्या, आणि एकीलाही डोळे नव्हते.

गावची रीत अशी, की बाहुली ज्याने रंगवली त्यानेच शेवटी तिचे डोळे काढायचे. आणि डोळे उघडताना समोर जो बसलेला असेल, बाहुली त्याची. म्हणून गिऱ्हाइकाला समोर बसवत. आता डोळेच नाहीत, तर गिऱ्हाईक कुठलं? चुलीवर नुसती पेज शिजायची. सुरंगी रोज त्या बाहुल्यांची धूळ पुसायची; तिची स्वतःची अशी एकही नव्हती.

एका सकाळी ती कुंचला घेऊन रानात गेली. बाबांना धरता यावा म्हणून दांडीला बांधायला एखादी जाडशी वाळकी काटकी मिळते का, ते बघायला. पांगारा लालेलाल फुलला होता, आणि खोडावरच्या डिंकात एक परी पंखाने चिकटली होती. केवढी? चिंचोक्याएवढी. मी पाहिली नाही, पण जिने पाहिली त्या खारुताईशी माझी जुनी ओळख आहे.

"हलू नका हं," सुरंगी म्हणाली. कुंचला दवात भिजवून तिने हळूहळू डिंक सोडवला. चंदेरी पंख झुळझुळला.

"माग काहीतरी," परी म्हणाली.

"बाबांचा हात बरा करा."

"हात घडवणं माझं काम नाही, बाळ. मी दांड्या घडवते. दोनच देईन. जशी सांगशील तश्शी."

सुरंगीने डोळे मिटून सांगितलं, "सोन्याची, नाजूक, टोकाला इवलासा मोर."

दांडी लखलखत आली. घरी बाबांनी ती धरली, आणि मोरासकट ती बोटांतून निसटून खण्णकन जमिनीवर पडली.

"सुरेख आहे गं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात उपरण्याखाली लपवला.

सुरंगी बराच वेळ त्या उपरण्याकडे बघत राहिली. मग तिने ओल्या मातीचा गोळा आणला. "बाबा, मिटेल तेवढीच मूठ मिटा."

मातीला वेडावाकडा आकार आला. पोपटाने कुरतडलेला पेरूच जणू. तो घेऊन ती पांगाऱ्याखाली गेली.

"ही शेवटची," परीने बजावलं. "मोर मागितलास, तशी आता बाहुलीच्या आकाराची माग. तुझी होईल."

सुरंगीने मातीचा गोळा पुढे केला. "नको. अशीच हवी. हा बाबांचा हात आहे."

दांडी आली ती तपकिरी, बोजड, खळगेच खळगे असलेली. सुरंगीने ती कुंचल्याला बसवून घरी दिली, तशी बाबांची बोटं एकेका खळग्यात जाऊन बसली. कुंचला हलला नाही.

त्यांनी सगळ्यात छोटी बाहुली उचलली. "सुरंगे, समोर बस."

"गिऱ्हाईक येऊ दे ना, बाबा."

"बस म्हटलं ना."

ती बसली. बाबांनी एक डोळा काढला, मग दुसरा. हळूच येऊन खिडकीत बसलेली परी उजळत उजळत नुसता केशरी उजेड झाली, आणि त्या ओल्या काळ्या बुबुळांत दोन चिमुकले ठिपके ठेवून विरून गेली.

बाहुलीने डोळे उघडले. समोर सुरंगी होती.