भरीव झाडाचा अर्ज

त्या राज्यात सगळ्यांची घरटी एकाच झाडावर होती, आणि ते झाड आतून कसे आहे हे विचारणे असभ्य समजले जाई.

सुतारपक्ष्याला मात्र चोच मारताच कळले होते. बुंध्याचा आवाज बदलला होता. झाड कुठवर पोखरले गेले आहे हे शोधायचे तर सारा उन्हाळा ठोकत बसायला हवे, आणि ठोकत बसणाऱ्याला किडे टिपायला सवड कुठली? त्याच बुंध्याच्या ढोलीत त्याची मादी अंडी उबवत होती. म्हणून त्याने सभेच्या कोठारातून दाणे मिळावेत असा अर्ज पानावर लिहिला. झाड पोकळ होत आहे असे वाटते. कुठवर, ते शोधायचे आहे.

सभा शेंड्यावर भरे. तिथल्या कुणाला जन्मात भूक लागलेली नव्हती. काय सापडणार हे ज्याला आधीच ठाऊक नाही त्याला दाणे कशाला द्यायचे, असे विचारून मोराने अर्ज परत धाडला.

मग सुतारपक्षी साळुंकीकडे गेला. तिने स्वतः कधी काही शोधले नव्हते, पण तिचा एकही अर्ज परत आला नव्हता. तिने आधी 'पोकळ' काढायला लावले. 'वाटते'च्या जागी 'सिद्ध होईल' आले. पुढच्या खेपेस झाडाची थोरवी आली, त्यापुढे मोराच्या पिसाऱ्याची. दर खेपेस सुतारपक्ष्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई, आणि दर खेपेस तो अंड्यांकडे बघून ती गिळे.

शेवटचे पान त्याने मादीला वाचून दाखवले.

"अहो, पण झाड पोकळ झालंय, हे यात कुठं आहे?"

"आधी दाणे मिळू देत. मग खरं ते सांगेन."

अर्ज मंजूर झाला. झाड भरीव असल्याचे सिद्ध होणार अशी दवंडी पिटली गेली, आणि ती ऐकून शेजारच्या रानातले बगळेही बिऱ्हाडे घेऊन राहायला आले.

शुभारंभाला सारी सभा खालच्या फांदीवर उतरली. सुतारपक्ष्याने साठलेला सगळा संताप चोचीत आणला आणि घाव घातला. चोच डोळ्यांपर्यंत आत गेली. झाड मुळापासून शेंड्यापर्यंत नगाऱ्यासारखे घुमले.

त्याने चोच उपसली आणि वर बघून ओरडला, "ऐकलंत?"

"ऐकलं," मोर खूश होऊन म्हणाला. "काय भारदस्त आवाज आहे. पुन्हा वाजव."

भोकातून भुसा गळू लागला होता. तो खालच्या ढोलीत, अंड्यांवर पडत होता. वर सभेने ताल धरला आणि मोराने पिसारा फुलवून नाचायला सुरुवात केली.