कोंसूबायचं पोट

कांदळबंदरच्या चर्चवर तेव्हा कौलंसुद्धा नव्हती. झावळ्यांच्या छपराखाली मिस्सेची प्रार्थना व्हायची, आणि प्रवचन लांबलं की वरून एखादी पाल पाद्रीबाबांच्या पुस्तकावर पडायची. इतकी जुनी ही गोष्ट. त्या काळी गावात कोंसूबाय नावाची एक तरणी बाई राहायची. नवरा बस्त्याव मासेमारीला जायचा, मुलगा इनास नुकता बोलायला लागला होता, आणि घरात सासू होती, फिलसूबाय. ती बोलायची कधी थांबतच नव्हती.

कोंसूबाय खाणारी होती. लग्नाच्या मांडवात ती जेवायला बसली की आचारी पुन्हा चूल पेटवायचे, असं म्हणतात. पण जेवढी खायची तेवढीच काळजीही करायची. पोर शिंकलं तरी हिला घाम. पोर शिंकलं नाही तरी घाम, की बाई, हा आज शिंकला कसा नाही?

एका पावसाळ्यात इनासला ताप भरला. असा भरला की कपाळावर ठेवलेली ओली पट्टी वाळून पापड व्हायची. कोंसूने क्रुसापुढे गुडघे टेकले आणि सुचलं ते बोलून गेली, "माझं पोर वाचव. येता उपासकाळ मी पुरा पाळीन, चाळीसच्या चाळीस दिवस. सूर्य मावळेपर्यंत तोंडात घास घालणार नाही."

सकाळी ताप उतरला. पोराने डोळे उघडले आणि भाकरी मागितली. कोंसूला आधी रडू आलं. मग तिला आठवलं, आपण काय बोलून बसलोय.

उपासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, उजाडला. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन कोंसू घरी आली, आणि दुपारी तिचं पोट वाजलं. आधी मांजर गुरगुरावं तसं. तिसऱ्या दिवशी रेडा हंबरावा तसं, आणि शेजारच्या रेड्याने त्याला ओ दिली. आठवडा झाला तर ढग गडगडावेत तसं, आणि लोकांनी अंगणातले वाळत घातलेले बोंबील उचलून आत नेले, असं म्हणतात.

"खा गं बाय, खा!" फिलसूबाय कपाळ बडवायची. "गाव म्हणतंय फिलसू सुनेला उपाशी ठेवते. माझी अब्रू तुझ्या पोटात वाजतेय!"

"आय, मी बोललेय देवाला."

"देवाला हळूच बोललीस आणि पोटाने दवंडी पिटलीस!"

हेच तर कोंसूचं दुखणं होतं. पुढल्या रविवारी पाद्रीबाबा शुभवर्तमान समजावून सांगत होते. उपास करणाऱ्याने तोंड पाडून हिंडू नये, डोक्याला तेल लावावं, चेहरा धुवावा, उपास फक्त वरच्या बापाला कळावा. कोंसूने हे आधीही ऐकलेलं होतं, म्हणून तर ती सकाळी डोक्यावर खोबरेल थापून आली होती. इतकं, की पुढच्या बाकावरच्या बाईच्या लुगड्यावर थेंब पडत होते.

"उपास असा करावा," पाद्रीबाबा आवाज खाली आणून म्हणाले, "की कोणालाही, कोणालाही..."

आणि कोंसूचं पोट गर्जलं. छपरातून दोन पाली एकदम पडल्या. पोरं हसली, मग बाया हसल्या, आणि घंटा वाजवणारा मिंगेल तर खांबाला धरून खाली बसला.

मिस्सा संपल्यावर पाद्रीबाबांनी तिला बाजूला घेतलं. माणूस भला होता. "कोंसू, मी तुला सूट देतो. दुपारी थोडी पेज घेत जा. पाप माझ्या माथी."

"पाद्रीबाबा, सूट तुम्ही द्याल," कोंसू म्हणाली, "पण ताप तुमच्या हातात नाही ना."



पुढच्या रविवारपासून कोंसू प्रवचन सुरू झालं की उठायची आणि किनाऱ्यावरच्या मोठ्या खडकावर जाऊन बसायची. तिथून चर्चचं नुसतं छप्पर दिसायचं. तिला वाटायचं, आपला उपास हा उपास तरी आहे का? ढोंगी माणसं रस्त्यावर उभं राहून दाखवतात, आपलं पोट तर सात पाड्यांना ऐकवतंय. हे देवासाठी चाललंय, की नुसत्या भीतीपायी? आणि भीतीपायी केलेलं त्याला चालतं का? रोज संध्याकाळी घास घ्यायच्या आधी ती इनासच्या कपाळाला हात लावून बघायची. कपाळ गार लागलं की जेवायची.

बदकाचं कालवण नको, तळलेल्या फुग्या नकोत, त्यांचा मोह तिला आवरता यायचा. तिचा खरा सैतान वेगळाच होता. इनास दुपारी भाकरी अर्धी खायचा आणि उरलेली तिच्यापुढे धरायचा. "आये, घे." पोराचं उष्टं कोणती आई टाकते? हात आपोआप पुढे जायचा, आणि मग ती तो हात दुसऱ्या हाताने मागे ओढायची. उष्टं कोंबड्यांना जायचं. इनासला ते कळायचं नाही. तो ओठ काढून रडायचा. कोंसूला वाटायचं, याच्यासाठी उपास धरला, आणि यालाच रडवतेय.

असा उपासकाळ सरत आला. पवित्र आठवड्यात बुधवारी होड्या समुद्रात गेल्या, त्यात बस्त्यावचीही होती. गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेला परतायचं ठरलं होतं. गुरुवार गेला, होड्या आल्या नाहीत. उत्तम शुक्रवारची, क्रूसावरच्या मरणाच्या दिवसाची, सकाळ झाली आणि समुद्रावरून असं धुकं आलं की माणसाला स्वतःचा हात ओळखून काढावा लागत होता, असं म्हणतात. आणि कांदळबंदरच्या खाडीच्या तोंडाशी खडक. उजेडातही जपून वल्हवावं लागे.

"मिंगेल, घंटा वाजव!" पाद्रीबाबा ओरडले. "उत्तम शुक्रवार असू दे, देव समजून घेईल!"

मिंगेल पायाच्या अंगठ्याने वाळू उकरायला लागला. आता हे सगळ्यांना ठाऊक, की गुरुवारच्या मिस्सेनंतर घंटा मुकी होते ती पुनरुत्थानाच्या मिस्सेपर्यंत. त्याऐवजी लाकडी फळी वाजवतात. मिंगेल हुशार. वर्षभरात घंटेला तेवढीच काय ती सुट्टी, म्हणून त्याने झिजलेला लोलक काढून खाडीपलीकडच्या लोहाराकडे पाठवला होता.

"म्हणजे घंटा आहे..." पाद्रीबाबा म्हणाले.

"आहे. जीभ नाही तिला."

बायांनी हंडे बडवले, फळी वाजवली, हाका मारल्या. धुक्याने सगळं कापसासारखं गिळलं. कोंसू खडकावर उभी होती. तिने त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तिला वाटत होतं, मी मागताना मापात चुकले. पोर मागितलं, नवऱ्याचं नाव घ्यायला विसरले.

तेवढ्यात तिचं पोट वाजलं.

आणि धुक्यातून, लांबून, बारीकशी "होऽऽ" आली.

बायांनी हंडे खाली ठेवले. पोट पुन्हा वाजलं. पुन्हा "होऽऽ", या खेपेला जराशी जवळून.

कुणीतरी घाबरून कोंसूपुढे केळं केलं, बिचारी कोसळेल म्हणून. फिलसूबायने ते असं उडवलं की थेट समुद्रात पडलं. "खबरदार! माझ्या सुनेच्या तोंडात कोणी घास घालेल तर! माझा बस्त्याव आहे तिकडे!" मग ती बायांकडे वळली. "बघताय काय? चुली आणा!"

असा उत्तम शुक्रवार कोणी पाहिला नसेल. किनाऱ्यावर दगडांच्या चुली मांडल्या. रविवारच्या पास्काच्या सणासाठी राखलेली बदकं शिजायला लागली, फुग्या तळल्या, निखाऱ्यावर सुके बोंबील भाजले. पाद्रीबाबा पळ्या हातात घेतलेल्या बायांमधून फिरत होते. "शिजवा, पण चाखायचं नाही! मीठ अंदाजाने!" सगळ्या गावाच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि सगळ्या गावाचा उपास त्या दिवशी पहिल्यांदा खरा उपास झाला, असं म्हणतात.

बाया झाकणं काढून वाफ कोंसूकडे वारत होत्या. बदकाला पोट गडगडलं. फुग्यांना गर्जलं. बोंबलांना तर खडकावरचे खेकडे बिळात शिरले. "होऽऽ" जवळ येत होती, पण मग ती डावीकडे वळली. डावीकडेच तर खडक. आणि नेमकं तेव्हा कोंसूचं पोट थकलं. नुसती गुरगुर. बायांनी वारलं, फुंकलं, काही होईना.

इनास आजीच्या हातातून निसटून खडकावर चढला. त्याच्या मुठीत सकाळची अर्धी भाकरी होती, वाळू लागलेली, एका बाजूने चावलेली. त्याने ती आईच्या तोंडाला लावली.

"आये, घे."

कोंसूने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. पण या वेळी भाकरी कोंबड्यांना टाकली नाही. "ठेव बाळा," ती म्हणाली. "सूर्य बुडाला की तुझीच खाणार मी."

आणि तिचं पोट वाजलं. चर्चचं झावळ्यांचं छप्पर एक वीत वर उचललं गेलं आणि पुन्हा जागेवर बसलं. धुकं मधोमध फाटलं, असं म्हणतात.

होडीतले लोक नंतर सांगत. पहिला आवाज आला तेव्हा त्यांनी वल्ही टाकली होती. एक म्हणाला वाघ, दुसरा म्हणाला सैतान, आज त्याचाच दिवस. बस्त्याव मात्र उठून उभा राहिला आणि कान देऊन ऐकायला लागला.

"वाघ कुठला? ती माझी बायको आहे," तो म्हणाला. "महिनाभर या आवाजाने मला दुपारची झोप नाही. हाणा तिकडे!"

एकामागून एक सगळ्या होड्या वाळूला लागल्या. फिलसूबायने मुलाला मिठी मारली आणि त्याच दमात सगळ्यांना ऐकवलं, "आणि म्हणे मी सुनेला उपाशी ठेवते!"

कोंसू पाद्रीबाबांपुढे मान खाली घालून उभी राहिली. "बाबा, माझा उपास गुप्त काही राहिला नाही."

पाद्रीबाबांनी डोकं खाजवलं. "उपास गुप्त ठेवावा हे खरं," ते म्हणाले. "पण दिवा लावून मापाखाली झाकून ठेवू नये, हेही शुभवर्तमानातच सांगितलंय. तुझा दिवा जरा पोटात लागला, इतकंच."

सूर्य बुडाला. बदकं, फुग्या सगळं झाकून पास्कासाठी ठेवलं होतं. कोंसूने इनासच्या कपाळाला लावायला हात उचलला, आणि तो तसाच त्याच्या मुठीकडे नेला. भाकरी घामाने मऊ झाली होती. ती तिने वाळूसकट खाल्ली. पोट निमूट झालं, आणि पुन्हा कधी तसं वाजलं नाही, असं म्हणतात.

आता कांदळबंदरच्या चर्चला कौलं आहेत, खाडीच्या तोंडाशी दिवाही आहे. पण उत्तम शुक्रवारी सूर्य बुडाला की तिथल्या आया उपास सोडतात तो आपल्या पोराने चावलेल्या भाकरीने. ज्यांना पोर नाही त्यांच्या दारात शेजारचं पोर भाकरी घेऊन जातं. आणि उपासकाळात, प्रवचन अगदी रंगात आलेलं असताना, चर्चमध्ये चिडीचूप असताना, कोणाचं पोट वाजलं तर तिथे कोणी हसत नाही. पाद्रीबाबासुद्धा क्षणभर थांबतात. शेजारी बसलेली बाई त्या माणसाच्या हातावर हात ठेवते आणि हळूच म्हणते,

"होडी आली."