कॅसेटवरची सही

वसईचा रॉनी तुस्कानो साठीतही रॉक गातो. यंदा त्याच्या कार्यक्रमाचा खर्च एका गुडघेदुखीच्या बामवाल्याने केला, त्यावरून चाहत्यांत जुंपली. कार्यक्रम संपल्यावर चाहता मंडळाचे अध्यक्ष केळुसकर सर्वांदेखत रॉनीला म्हणाले, "खरा कलावंत स्वतःला विकत नाही. तुमची पहिली कॅसेट मी तीस वर्षं जपलीय. त्या जुन्या रॉनीची सही द्या हिच्यावर."

रॉनीने कॅसेट उलटसुलट पाहिली. कोरी कॅसेट आणून मित्राकडून भरून घेतलेली होती. गाण्यांची नावं केळुसकरांनी स्वतः बॉलपेनने लिहिली होती.

"अक्षर सुरेख आहे," रॉनी म्हणाला. "एवढं सगळं तुम्हीच केलंय, तर सहीही तुम्हीच करा. माझी सही बामाच्या डबीवर मिळेल. त्यांनी पैसे दिलेत."