दोन काठांचा पहारा

“दोन्ही काठांचा भरवसा बसेल असा पहारा उभा करा, नाहीतर माझी फौज इथून हलणार नाही!” सेनापती बर्झीनने भर दरबारात बजावलं.

राजा भानुदेव करणार काय? जुन्या जुलमी राजाला याच परक्या सेनापतीने तोफा आणून हाकललं होतं आणि भानुदेवाला गादीवर बसवलं होतं. पण नदीचे दोन काठ अजून एकमेकांच्या जिवावर उठलेले! धान्याच्या कोठारांवर उगवतीच्या काठाचा पहारेकरी नेमला की मावळतीचे काठ्या काढत. मावळतीचा नेमला की उगवतीचे! तोवर परक्यांचे घोडे उभी ज्वारी फस्त करत होते.

राजाही हट्टी. त्याने दवंडी पिटवली, “असा पहारा उभा करील त्याला मागेल ते बक्षीस! फसला तर तुरुंग!”

कुणी पुढे येईना. आली ती नाव चालवणारी हौसा. दोन्ही काठांची माणसं रोज तिच्याच नावेत बसून भांडत.

“महाराज, उगवतीच्या कोठारावर मावळतीची माणसं ठेवा. मावळतीच्या कोठारावर उगवतीची!”

“अगं, वैऱ्याच्या हाती किल्ल्या?” राजा ओरडला.

“होय! त्यांनी इकडचं एक पोतं उचललं, तर त्यांचं स्वतःचं धान्य कुणाच्या ताब्यात आहे?”

राजाने कपाळाला हात लावला, पण हुकूम सोडला.

काही दिवस पहारेकरी नुसतेच डोळे वटारून उभे राहिले. मग एका दुपारी उगवतीच्या कोठाराला आग लागली. पण मावळतीचे पहारेकरीच घागरी घेऊन धावले.

“विझवा रे! हे जळालं तर आपल्यावर आळ येईल, आणि तिकडे आपल्या धान्याची होळी होईल!”

आग विझली. ती काजळीने माखलेली तोंडं बघून उगवतीच्या बायका खो खो हसल्या आणि हसता हसता त्यांनी भाकऱ्याही वाढल्या.

राजा खूश! सेनापती मात्र मिशीला पीळ देत म्हणाला, “पहारा चांगला आहे. तरी तुमच्या राखणीला आम्ही आणखी वर्षभर राहतोच.”

राजाचा चेहरा पडला. हौसा मात्र हात जोडून पुढे झाली.

“राहा की, सेनापतीसाहेब! पण आमच्याकडचा कायदा ठाऊक आहे ना? जो आमचं राखतो, त्याचं आम्ही राखतो. महाराज, आपली फौज आजच यांच्या देशी धाडा. यांच्या वाड्याच्या दारात आपले भाले, अंगणात आपले घोडे!”

“माझ्या दारात परकी फौज?” सेनापती उसळला. “एक दिवससुद्धा खपवून घेणार नाही मी!”

“मग आम्ही वर्षभर कसं खपवून घ्यावं, साहेब?”

सेनापतीने हौसाकडे रोखून पाहिलं आणि एकदम तो गडगडून हसला. “अरे, तंबू उखडा! या बाईने मला हरवलं!”

भानुदेवाने हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं आणि तिने मागितल्याप्रमाणे दोन्ही काठांचा पहारा तिच्याच हाती सोपवला.