चार बोटं जास्त

“...आणि देवानं? देवानं काय दिलं आम्हाला? ते विचार ना त्याला आधी!”

यशोधन हे मराठीत ओरडला, आणि चिन्नय्याला मराठीचं अक्षर कळत नाही. त्यानं हातातला मातीचा गोळा खाली ठेवला.

“अम्मा, काय म्हणतोय?”

मी तमिळमध्ये म्हटलं, “विचारतोय, नवस फेडायलाच हवा का.”

चिन्नय्यानं आधी यशोधनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तो एवढा वेळ बोलला... आणि तू एवढंसंच सांगितलंस.”

मी तोंडाची फटकळ म्हणून सगळ्या नातेवाइकांत बदनाम आहे. पण त्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. कारण नवस यशोधनचा नव्हता. नवस माझा होता.

यशोधन माझा भाचा, भावाचा एकुलता एक मुलगा. पुण्यात असतो, पुलांचे आराखडे करतो. गौतमी त्याची बायको. मी लग्न होऊन कुंभकोणमला आले त्याला चाळीस वर्षं झाली. आमची तिकडची मराठी घरं जुनी, तिकडच्या मराठे राजांच्या वेळेपासूनची. यजमान गेल्यापासून मी एकटीच राहते, आणि महिन्यातून एकदा बसनं चिन्नय्याच्या गावी जाते.

चिन्नय्या कुंभार आहे आणि पुजारीही आहे. अय्यनार हा तिकडचा वेशीवरचा देव, घोड्यावर बसून गाव राखणारा. त्याची पूजा कुंभारच करतो. देवाचे मातीचे घोडे घडवायचे त्यानंच, आणि देवापुढे दिवा लावायचा तोही त्यानंच. मूल फार आजारी असलं की लोक नवस बोलतात. मूल उठलं की त्याच्याएवढी मातीची मूर्ती करून देवाच्या राईत उभी करतात.

वीस वर्षं मी त्याच्यापाशी बसते आहे. गुरू म्हटलं की हसतो, म्हणतो, माझे हात मातीचे आहेत, पाया पडू नकोस, साडी खराब होईल. एकदा मी त्याला विचारलं होतं, माझे यजमान आधी का गेले? तो म्हणाला, “कुणीतरी आधी जाणारच होतं ना, अम्मा...” मला राग आला होता. पण मी पुढच्या महिन्यात परत गेले.

नवसाची रीत अशी, की मूल बरं झालं की मगच मूर्ती सांगायची. मी रीत मोडली.

निनादला, यशोधनच्या मुलाला, रक्ताचा आजार झाला. दीड वर्ष तो दवाखाना आणि घर, घर आणि दवाखाना करत होता. बाहेर सोडायचं नाही, कुणी जवळ जायचं नाही, खिडकीसुद्धा उघडायची नाही. त्या काळातल्या दिवाळीत तो मला फोनवर एकच गोष्ट विचारायचा, “आजी, तुझ्याकडे पाऊस आहे का?” आमच्याकडे पाऊस दिवाळीतच असतो. मग मी फोन खिडकीबाहेर धरायची, हात भिजेपर्यंत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, गौतमीलाही नाही.

पुढच्या श्रावणात डॉक्टर धड काही बोलेनासे झाले. माझा धीर सुटला. मी गौतमीला फोन केला, म्हटलं, निनादची उंची मोजून दोरा पाठव, कारण विचारू नकोस. मूर्ती आधीच करून ठेवली तर देव अडकेल, त्याला पोराला उठवावंच लागेल, असं माझं डोकं चाललं होतं. देवाला अडकवायला निघाले होते मी! चिन्नय्यानं दोरा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं... आणि “बरं” एवढंच म्हणाला.

भाद्रपदात मूर्ती भाजून झाली. दिवाळीला आठ दिवस असताना निनाद गेला. सहावं वर्ष चालू होतं.

आता वर्ष झालं होतं. मीच दोघांना बोलावून घेतलं, म्हटलं चला, चार देवळं बघू, गावात राहू, जरा हवापालट होईल. देवळं पाच झाली. पाचही ठिकाणी यशोधन बाहेर चपला सांभाळत बसला. गौतमी आत यायची, हात जोडायची, आणि काही न मागता परत फिरायची. मग आम्ही चिन्नय्याच्या गावी तीन दिवस राहायला आलो. शाळामास्तरांचं घर रिकामं होतं, ते त्यांनी उघडून दिलं. मी रोज म्हणायची, आज सांगते, आणि रोज माझी हिंमत व्हायची नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी इडली खाताना गौतमीच म्हणाली, “आत्या, मी तो दोरा पाठवला होता... त्याचं पुढे काय केलंत?”

आता खोटं बोलून कुठे जाणार? सांगून टाकलं सगळं. मूर्ती अजून कुंभाराच्या छपरात उभी आहे, तेही सांगितलं.

यशोधननं ताट बाजूला सरकवलं.

“चल आत्या. मला दाखव. मी ती फोडणार आहे.”

“अरे, असं बोलू नये रे...”

“तुमच्या त्या नवसाचा एक तुकडाही मला शिल्लक ठेवायचा नाहीये. माझ्या मुलाच्या नावानं कुठे काही उभं नको. तो गेलाय. संपलं.”

गौतमी ताटावरून उठली, हात धुतले आणि आमच्या मागून चालू लागली.

तर असे आम्ही तिघं कुंभाराच्या अंगणात उभे होतो. आभाळ भरून आलं होतं आणि वारा पडला होता. अंगाची नुसती काहिली होत होती.

“अम्मा,” चिन्नय्या म्हणाला, “सगळं सांग. तो जसं बोलला तसं.”

मग मी सांगितलं. खाली मान घालून, एकही शब्द न गाळता. देवानं आपलं काम केलं नाही तर आम्ही आमचं का करायचं. मूर्ती द्यायची नाही. फोडायची.

मला वाटलं, आता हा रागावेल. देवाची वस्तू आहे, काही बोलेल. आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. त्यानं या पोराला चार शब्द सुनवावेत, मूर्ती राईत जावी आणि माझ्या मानेवरचं ओझं उतरावं.

“बरोबर आहे त्याचं,” चिन्नय्या म्हणाला.

“चिन्नय्या!” माझ्या तोंडून निघालं.

“देवानं नाही दिलं... तर त्यानंही देऊ नये.”

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. भिंतीला मडकी थोपटायची लाकडी थापी टेकून ठेवलेली होती. ती त्यानं धोतराला पुसली आणि यशोधनच्या हातात दिली.

यशोधन माझ्याकडे बघायला लागला. असं काही होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

“काय म्हणाला तो?”

“फोड म्हणाला.”

“फक्त त्याला सांग,” चिन्नय्या म्हणाला, “आधी नीट बघून घे. माझ्याकडे सात-आठ पोरं उभी आहेत. कुणाचे आईबाप यायचेत अजून. आपलंच आहे ना, खात्री कर. दुसऱ्याचं फुटायला नको.”

मी सांगितलं. यशोधननं मान हलवली. हिशेबी माणूस तो, हे त्याला पटलं.

छपरात झावळ्यांचा वास होता आणि अंधूक उजेड होता. मुली, मुलगे, कुणी रांगतं, कुणी हात जोडलेलं. सगळ्यांना एकच चेहरा होता, कुंभार कशाला वेगळा काढतोय? प्रत्येकाच्या मनगटाला ज्याचा त्याचा दोरा बांधलेला होता. गौतमीनं लगेच ओळखलं. निळी लोकर होती, तिनं निनादचा स्वेटर विणायला आणलेली. दुसऱ्या कुणाला कळली नसती.

“हा,” ती म्हणाली. बोट दाखवलं आणि तिथेच थांबली.

यशोधननं थापी काखेत धरली आणि खिशातून मोजायची पट्टी काढली. पोलादी, गुंडाळणारी. ती त्याच्या खिशात कायम असते, लग्नातही होती. त्यानं दोरा सोडला, ताणून मोजला.

“एकशे नऊ. बरोबर. दाराच्या चौकटीवर पण शेवटची खूण एकशे नऊचीच आहे.”

मग मूर्ती मोजली. एकदा मोजली. खाली बसून टाचेपासून पुन्हा मोजली.

“एकशे सोळा,” तो म्हणाला. आणि त्याचा आवाज एकदम चढला. “बघ! साधी उंचीसुद्धा धड नाही! दोरा पाठवला होता ना? तरी सात सेंटीमीटर जास्त! विचार त्याला, कसला कारागीर आहे हा? आणि भाजल्यावर माती आवळते, उलट लहान व्हायला हवी. मोठी कशी झाली?”

मी विचारलं. माझी बोलायची इच्छाच उरली नव्हती, पण विचारलं.

चिन्नय्या दारात उभा होता. त्यानं आपली चार बोटं जुळवून मूर्तीच्या डोक्याच्या वर आडवी धरली, आणि मग बघून मान हलवली. आपलं माप बरोबर उतरलं, याची खात्री झाल्यासारखी.

“आवळते ते धरूनच केलं होतं. वर चार बोटं मीच ठेवली.”

“का पण?”

“मूर्ती सांगून गेले की नवस फेडायला लोक वर्षानं येतात, अम्मा. तोवर पोर वाढतं... मूर्ती पोराहून लहान दिसली तर आईला बरं वाटत नाही.”

मी हे मराठीत कसं सांगितलं, मला आठवत नाही. सांगितलं एवढं खरं.

यशोधन उभाच राहिला. पट्टी त्याच्या हातातून सुटून कडकन आत गुंडाळली गेली. मग त्यानं तळहात मूर्तीच्या डोक्यावर ठेवला, तिथून तो तसाच आडवा आपल्या पोटापर्यंत आणला. शर्टाच्या कितव्या बटणापाशी येतो, ते बघत होता. मुलाला चौकटीपाशी उभं करण्याआधी तो असंच करायचा, मी पाहिलंय.

“इथवर आला असता,” तो म्हणाला.

त्यानं हात तिथेच धरून ठेवला.

“गौतमी... हा इथवर आला असता गं.”

गौतमी पुढे झाली. तिनं पदरानं मूर्तीच्या तोंडावरची धूळ पुसली, मग कानामागची पुसली, मग मान. वर्षभर न आलेलं रडू तिथे फुटलं. मला वाटलं होतं, मी मोठी, मी तिला सावरेन. कसलं काय, मीच भिंतीला टेकून खाली बसले.

चिन्नय्या बाहेर जाऊन माती मळायला बसला.

बऱ्याच वेळानं यशोधन मूर्ती उचलून बाहेर आला. कडेवर घेतली होती, एक हात खाली, एक पाठीला. थापी त्यानं आतच कुठेतरी ठेवली असावी. चिन्नय्यासमोर येऊन नुसता उभा राहिला. चिन्नय्या उठला आणि पुढे चालू लागला.

राई गावाबाहेर आहे, ओढ्याच्या अलीकडे. आत अय्यनारचे घोडे उभे आहेत, माणसाहून उंच, कुणाचा कान गेलेला, कुणाचा पाय. त्यांच्या पुढे पोरांची रांग. या वर्षीची लाल आणि ताजी, गेल्या वर्षीची काळवंडलेली. त्यामागच्यांना नाकडोळे उरले नव्हते. आणि अगदी मागे तर नुसती पावलं होती, जोडी-जोडीनं, गवतात.

यशोधननं मूर्ती रांगेच्या टोकाला ठेवली. डुगडुगत होती, म्हणून खाली एक खापरी सारली. दोन पावलं मागे गेला. मग त्याचं लक्ष त्या मागच्या पावलांकडे गेलं.

“हे किती वर्षं टिकतं, विचार.”

“पावसावर आहे,” चिन्नय्या म्हणाला. “चार वर्षं. कधी पाच.”

“नाही,” यशोधन म्हणाला. “नाही, असं नाही चालायचं. आत्या, त्याला सांग, मी इथे छप्पर घालून देतो. चार खांब, वर पत्रा. बाजूनं पाणी काढून द्यायचं. मी स्वतः येऊन उभं करतो, पंधरा दिवसांत. एक थेंब लागू द्यायचा नाही मी याला. सांग ना!”

तो बोलत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. सकाळी फोडायला निघालेला तो हाच. मी सगळं सांगितलं. खांब, पत्रा, पंधरा दिवस, एक थेंब. या वेळी काहीच गाळलं नाही.

चिन्नय्यानं वर पाहिलं. आभाळ पार खाली आलं होतं. मग त्यानं वाकून निनादच्या पायाखालची खापरी नीट बसवली आणि हात झटकले.

“अम्मा, त्याला म्हणावं... पोर आहे ते. भिजू दे त्याला.”