बाभळीखालची हद्द

“मग पाप कसलं, बाबा? कोर्टानं सोडलंय मला.”

सर्जेराव मोहळकर मांडीवर बंदूक आडवी घेऊन बसले होते. समोर लतीफबाबा, गावाबाहेरच्या तकियातले म्हातारे फकीर. चिमट्यानं धुनीतली राख जमिनीवर ओढत होते.

“जोडे बाहेर काढलेस. ही नाही ठेवलीस?”

“परवान्याची आहे. दुसऱ्याच्या जागेत न्यायची, तर मालकाला विचारायचं. एवढीच अट.”

“मला विचारलंस?”

“तुम्ही कुठले मालक? फकीर माणूस!”

बाबा हसले. “खरंय. काम बोल.”

“धाकट्या भावाची बायको... माझ्या दारावरून पोरं घेऊन जाते, पण मान वर करत नाही. मी खुनी नाही, एवढं तिला सांगा. तुमचं ऐकेल ती.”

“गोळी घातलीस तेव्हा तो उभा कुठे होता?”

“बांधाजवळच्या बाभळीखाली. हातात कोयता. आणि बाभळ माझ्या हद्दीत. पंचांनी डोळ्यांनी बघितलं. आपल्या जमिनीत आपला जीव राखायचा हक्क कायद्यानंच दिलाय.”

“त्याच बाभळीखाली तो भाकर खायचा ना?”

“पूर्वी. तेव्हा ती त्याच्या हद्दीत होती.”

“मग काय, चालत आली?”

सर्जेरावांनी मांडीवरची बंदूक सारखी केली.

“नांगर धरला की एखादं तास सरकतंच, बाबा. बांध कोण कोरत नाही?”

बाबांनी दोघांच्या मधोमध राखेत एक रेघ ओढली.

“अलीकडे मी. पलीकडे तू.”

मग तळव्यानं पुसली. बोटभर पुढे ओढली. पुन्हा पुसली. पुन्हा पुढे...

रेघ सर्जेरावांच्या गुडघ्याला भिडली. ते नुसते बघत राहिले.

बाबा कण्हत उठले. सर्जेरावांच्या पाठीमागे गेले आणि तिथे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, शेवटची रेघ ओढली. परत येऊन जागेवर बसले.

चिमट्याचं टोक त्यांनी सर्जेरावांच्या छातीवर रोखलं.

“माझ्या हद्दीत काय करतोस?”

“मी?... मी तर जागचा हललोसुद्धा नाही!”

चिमटा तसाच राहिला.

“तोही हलला नव्हता... सांगू तिला?”