न पुसायची पाटी

"आमदार पाणी सोडणार..."

पिठाच्या गिरणीत शेवंताच्या कानावर एवढंच पडलं. पुढचं सगळं गिरणीच्या घरघरीनं गिळलं! आणि सांगणारी बाई डबा काखेत मारून निघूनही गेली. आता पाणी सोडणार म्हणजे नेमकं काय? आमदारकीवर पाणी सोडणार, की तांबटआळीच्या नळाला पाणी सोडणार?

"आमदारकीवर सोडायला तो काय गोसावी झालाय?" शेजारच्या सुंद्राकाकू म्हणाल्या. शेवंताला ते पटलं. म्हणजे नळालाच! आळीचा नळ आठ दिवसांतून एकदा यायचा, तोही खोकून खोकून तांब्याभर. लांबून हंडे वाहताना शेवंताचा उजवा खांदा कामातून चाललेला. आणि बाईचा धंदा पाट्या रंगवायचा! हातच वर होईना, तर ब्रश काय दातात धरायचा? विचारून तरी यावं, म्हणून ती आमदार सर्जेराव मोहळकरांच्या बंगल्यावर गेली.

"आमदार घरी नाहीत!" पीए दिगंबरनं फाटकातूनच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गेली. "आमदार घरी नाहीत!" आत झोपाळा कुरकुरत होता.

तिसऱ्या दिवशी दिगंबर खेकसला, "एकदा सांगितलं ना बाई, आमदार घरी नाहीत!" तेवढ्यात आतून हाक आली, "दिगू, अरे अडकित्ता कुठं ठेवलास?"

"अगंबाई! घरी नाहीत, मग सुपारी कोण कातरतंय?" असं म्हणत शेवंता आत शिरलीसुद्धा.

"साहेब, तुम्ही पाणी सोडणार म्हणे!"

सर्जेरावांनी झोपाळ्यावरूनच दारावरच्या पाटीकडे बोट केलं. "तू आपल्या पेंटरची सून ना? आधी ही पाटी बघ. तुझ्या सासऱ्याच्याच हातची आहे."

शेवंताला पाटी तोंडपाठ होती. साहेब पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा नुसतं 'आमदार' होतं. पडले, तेव्हा पुढे 'माजी' लागलं. पक्ष बदलून आले, 'माजी' पुसलं. पुन्हा पडले, पुन्हा लागलं. तिसरा पक्ष धरला, निवडून आले, पुन्हा पुसलं. 'माजी'च्या जागेवर रंगाचे इतके थर चढले होते की तिथं पाटीला पोट सुटलं होतं!

"निवडणूक तोंडावर आली," सर्जेराव म्हणाले. "मला अशी पाटी करून दे, की तिला परत ब्रश लावायला नको. जिंकलो तरी खरी, पडलो तरी खरी! 'आमदार' हा शब्द पाहिजेच. 'माजी' नको, 'भावी' नको. जमलं, तर आळीला पाणी. नाही जमलं, तर पाच वर्षं पाण्याचं नाव काढायचं नाही. आणि कुणामुळे गेलं, ते आळीत मी स्वतः येऊन सांगेन!"

"सोप्पंय बाई," दिगंबर फिदीफिदी हसला. "निम्मी पाटी रंगवा, निम्मी कोरी सोडा!"

शेवंता घरी आली. आळीतल्या बायका तिच्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू नळाची तोटी तिच्याच पदराला बांधलीय. "कशाला गेलीस गं तोंड घेऊन?" सुंद्राकाकू करवादल्या. दोन दिवस शेवंतानं पाटीच्या पत्र्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःशीच हसली आणि रंगाचा डबा उघडला.

दुपारी ती पाटी झाकून बंगल्यावर गेली. कार्यकर्ते गोळा झाले. सर्जेरावांनी स्वतः कापड ओढलं. पांढऱ्यावर निळ्या, टपोऱ्या अक्षरांत तीनच शब्द होते:

आमदार घरी नाहीत

"अपमान!" दिगंबर ओरडला. "साहेब, हिला बाहेर काढा!"

"थांब रे! बोल गं बाई, ही खरी कशी?"

"साहेब, निवडून आलात, की तुम्ही मुंबईत. नाहीतर दौऱ्यावर. आमदार घरी नाहीत! पडलात, तर तुम्ही घरीच. पण घरात जे बसलेत, ते आमदार नाहीत. मग आमदार घरी आहेत का? नाहीत!"

कार्यकर्त्यांनी हसू दाबायला तोंडावर रुमाल धरले. सर्जेरावांनी मात्र डोळे बारीक केले.

"सापडलीस! आत्ता या घटकेला मी आमदार आहे आणि घरीपण आहे. तुझी पाटी खोटी! गेलं पाणी!"

शेवंतानं पदर सावरला. "मी कशी खोटी म्हणू साहेब? तीन दिवस हेलपाटे घातले. तिन्ही दिवस तुम्ही झोपाळ्यावर होता, आणि तिन्ही दिवस दिगंबरभाऊंनी मला हेच सांगितलं. तुमच्याच माणसाचे शब्द आहेत, मी फक्त रंगवले. ते खोटं बोलतात, असं तुम्ही चारचौघांत म्हणा, मी आत्ता पुसते!"

दिगंबर पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला. सर्जेराव आधी गालात हसले, मग पोट धरून. झोपाळा एवढा हलला की पानाचा डबा खाली पडला!

"दिगू, ही पाटी फाटकाला लाव! तुझा घसा तरी वाचेल. आणि नगरपालिकेला फोन जोड!"

आठवड्याच्या आत तांबटआळीचा नळ धो धो वाहिला. रोज नाही हो, एक दिवसाआड. शेवंतानं पहिला हंडा दारातच भरला, तोही डाव्या हातानं.

आणि आमदारकीवर? छे! त्याच सोमवारी साहेबांनी वाजतगाजत अर्ज भरला. तिच्यावर त्यांनी एक थेंबसुद्धा सोडला नाही!